मुक्तस्रोत हातकन्सोल घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे का?

जुनी कॅसेट (महाल)

काल याच गटावर 'हिशेबी' यांनी लिहिले की मुक्तस्रोत हातकन्सोलवर, म्हणजे हातात धरून गेम खेळायच्या आणि ज्याच्या प्रणालीचा मूळ प्रोग्राम कोणालाही पाहता-बदलता येतो अशा यंत्रावर, दहा-बारा हजार घालून जे मिळते ते खिशातल्या मोबाइलवर फुकट मिळते आणि 'मुक्तस्रोत' हा शब्द फक्त खोक्यावर छापण्यापुरता असतो. एका ओळीत असहमती नोंदवून विषय सोडायचे ठरवले होते. पण त्याखाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग लागलेली पाहिली आणि सविस्तर लिहिणे भाग पडले.

मोबाइलच्या काचेवर बटण कुठे आहे हे बोटाला कळत नाही, हा मुद्दा सर्वांना ठाऊक आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. कंपनीने पाठ फिरवल्यावर यंत्राचे काय होते? कोरियाच्या गेमपार्क होल्डिंग्जने २००५ साली जीपी२एक्स हा हातकन्सोल काढला, लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर आणि दोन पेन्सिल सेलांवर चालणारा. मी तो २०११ मध्ये एका मित्राकडून जुना घेतला, तेव्हा कंपनी पुढच्या यंत्रांकडे वळली होती. तरीही लोकांनी स्वतः लिहून वाटलेले प्रोग्राम त्यावर व्यवस्थित चालत होते. त्याच काळातल्या माझ्या मोबाइलचे आज काय करता येते?

दुसरी गोष्ट घरातली आहे. मुलगी सातवीत असताना तिला आर्डुबॉय हा स्वतः गेम लिहून चालवता येणारा छोटा हातकन्सोल आणून दिला. पडदा काळा-पांढरा, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा. प्रोग्रामला जागा ३२ केबी आणि काम करायला स्मृती अडीच केबी. संक्रांतीच्या सुमारास तिने त्यावर पतंग काटण्याचा खेळ लिहायला घेतला. आकाशात एका वेळी किती पतंग ठेवता येतील, हे तिला स्मृती मोजून ठरवावे लागले. प्रत्येक पतंगाची जागा, वेग आणि मांजाची लांबी किती बाइट खाते याची वही आजही घरात आहे. हे शिक्षण कोणत्या मोबाइलवर मिळाले असते, ते 'हिशेबीं'नी सांगावे.

हिशेबी (त्रिमूर्तीनगर)

वहीबद्दल मुलीचे मनापासून अभिनंदन. परंतु आपण उदाहरण आर्डुबॉयचे देता, आणि लोक विकत घेतात ते परदेशी संकेतस्थळांवरचे, 'लिनक्स, मुक्तस्रोत' असे लिहून विकले जाणारे कन्सोल. मी तसाच एक घेतला होता. यंत्राची किंमत, कुरिअर, सीमाशुल्क आणि त्यावर जीएसटी धरून तेरा हजारांच्या वर गेले. चार महिन्यांत त्यासोबत आलेले एसडी कार्ड बंद पडले. मे महिन्यात, जेव्हा आपल्या नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर असतो, तेव्हा तो कपाटात पूर्ण चार्ज करून ठेवला होता. जूनमध्ये काढला तर बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले होते. विक्रेत्याने यंत्र स्वखर्चाने परत पाठवा असे कळवले. फुगलेली बॅटरी कुरिअरवाला घेत नाही. माझे यंत्र दीड वर्ष टेबलाच्या खणात पडून आहे.

आणि 'कंपनी गेली तरी समाज (म्हणजे यंत्र वापरणाऱ्या हौशी लोकांचा गट) सांभाळतो' हे वाक्य मी अनेक वर्षे ऐकतो आहे. पँडोरा या हौशी लोकांनीच उभ्या केलेल्या हातकन्सोलच्या खरेदीदारांनी २००८ मध्ये पैसे भरले, यंत्रे २०१० मध्ये बाहेर पडू लागली आणि कित्येकांना त्यानंतरही वाट पाहावी लागली. तो समाजच होता ना?

कलम ५२ (सिव्हिल लाइन्स)

आपण दोघेही मूळ गोष्ट टाळत आहात. हे कन्सोल ज्या कार्डासह विकले जातात त्यावर हजारो गेम आधीच भरलेले असतात आणि त्यांतल्या जवळजवळ कशाचाही परवाना विक्रेत्याकडे नसतो. लोक प्रत्यक्षात पैसे मोजतात ते त्या कार्डासाठी, आणि मुक्तस्रोत या शब्दाखाली चोरीचा माल घरी येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(कक) संगणक प्रोग्रामची राखीव प्रत करू देते, पण ज्याच्याकडे मूळ प्रत कायदेशीररीत्या आहे त्यालाच, आणि तीही हानीपासून संरक्षण म्हणून.

जुनी कॅसेट (महाल)

हे ऐकून खरोखर वाईट वाटले. आमच्या पिढीने टीव्ही गेमच्या कॅसेटी सीताबर्डीतून आणल्या, फुंकर मारून चालवल्या, आणि '९९९९ इन १' मध्ये तेच पंधरा-वीस खेळ पुन्हा पुन्हा निघाले तरी तक्रार केली नाही. मूळ कॅसेट आमच्यासमोर कोणी ठेवलीच नव्हती, मग ती न घेतल्याबद्दल चोर कसे म्हणता? आज ते खेळ जिवंत आहेत ते कोणीतरी प्रती जपल्या म्हणून.

कलम ५२ (सिव्हिल लाइन्स)

मी आपणास चोर म्हटलेले नाही. विक्रेत्याला म्हटले आहे आणि म्हणत राहीन. बालपणीची आठवण हा कायद्यातील अपवाद नाही. प्रत जपणे आणि ती भरून कार्ड विकणे यांतला फरक आपल्यासारख्या जाणकाराला समजावून सांगावा लागतो, याचे मला आश्चर्य वाटते.

ओ काट (गोकुळपेठ)

मी फावल्या वेळात छोटे गेम लिहितो. दोन वर्षे रात्री जागून लिहिलेला एक गेम मी सर्वांना मोफत दिला. अट एवढीच होती की तो कोणी विकू नये. गेल्या दिवाळीत भाच्याने नवा कन्सोल दाखवायला आणला, तर त्याच्या कार्डावर माझा गेम होता आणि सुरुवातीच्या पडद्यावरून माझे नाव खोडलेले होते. भाच्याला मी काही बोललो नाही. त्या रात्री झोप लागली नाही. ज्यांना ही चर्चा आठवणींची वाटते त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की त्या कार्डांवर हयात माणसांचे काम असते.

जुनी कॅसेट (महाल)

याला माझ्याकडे उत्तर नाही. आधीच्या प्रतिसादात मी घाईने लिहिले, ते मागे घेतो. सोबत आलेले कार्ड पहिल्याच दिवशी काढून टाकावे. ते कायद्याच्या दृष्टीने वाईट असतेच, शिवाय हलक्या प्रतीचे असते, त्यामुळेच 'हिशेबीं'चे चार महिन्यांत गेले. चांगले कार्ड घ्यावे, त्यावर समाजाने केलेली प्रणाली टाकावी आणि लेखकांनी स्वतः मोफत दिलेले किंवा विकत घेतलेले खेळ ठेवावेत.

मात्र मूळ मुद्दा मी सोडत नाही. लिनक्सचा गाभा जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. तो यंत्रात घालून विकणाऱ्याने मागणाऱ्याला स्रोत, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, देणे बंधनकारक आहे. जो देत नाही तो मुक्तस्रोत विकतच नाही. त्याच्या वागणुकीचा दोष ओड्रॉइड-गोसारख्या, खरेदीदाराने स्वतः जोडायच्या यंत्राला लावू नये.

फुटाळा (सेमिनरी हिल्स)

व्हॉल्व्ह कंपनीचा हातकन्सोल स्टीम डेक मग मुक्तस्रोत म्हणायचा की नाही? प्रणाली लिनक्सच्या आर्च या प्रकारावर आधारलेली, २०२२ मध्ये बाहेरच्या कवचाचे आराखडेही खुले केले. पण त्यावर गेम विकणारे व चालवणारे स्टीम स्वतः बंदिस्तच आहे.

हिशेबी (त्रिमूर्तीनगर)

मी त्या विक्रेत्याकडे लेखी स्रोत मागितला होता. तीन पत्रांना उत्तर नाही. म्हणजे आपण सांगता तो हक्क कागदावर आहे आणि नागपुरात बसून तो मिळवण्याचा मार्ग मला दिसत नाही. खरेदीपूर्वी स्रोत उपलब्ध आहे का हे पाहावे, एवढे मी मान्य करतो. मी ते पाहिले नव्हते. तरीही ज्याला फक्त संध्याकाळी अर्धा तास खेळायचे आहे त्याने हे यंत्र घेऊ नये, हे माझे मत कायम आहे.

जुनी कॅसेट (महाल)

अर्ध्या तासासाठी घेऊ नये, हे मलाही मान्य आहे. ज्याला ते उघडायचे आहे त्यानेच घ्यावे. आणि उन्हाळ्यात ठेवायचे असेल तर बॅटरी निम्मी चार्ज ठेवून, शक्य असेल तर सुटी करून, घरातल्या थंड जागी ठेवावे. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर खराब होते. आपले यंत्र फेकू नका. ती फुगलेली बॅटरी मात्र दाबू किंवा टोचू नका, चार्जिंगला लावू नका आणि खणातून बाहेर काढा. झाकण आधीच उचलले गेले आहे, तर बोर्डावरचा क्रमांक वाचून इथे लिहा.

हिशेबी (त्रिमूर्तीनगर)

बॅटरीची जोडणी सोडवून ती गच्चीवर सावलीत, मातीच्या कुंडीत ठेवली आहे. मोठ्या चिपवर आरके३३२६ असे लिहिलेले दिसते. तेरा हजार योग्य जागी गेले असे मी अजूनही म्हणणार नाही.

जुनी कॅसेट (महाल)

ओड्रॉइड-गो अॅडव्हान्समध्ये तीच चिप आहे आणि तिच्यावर समाजाने पुष्कळ काम केलेले आहे. बॅटरीची लांबी, रुंदी, जाडी आणि तिच्या जोडणीचे टोक मोजून कळवा. रविवारी सकाळी उन्हे चढायच्या आत मी येतो. सोल्डरिंगचे सामान मी आणीन, नवे कार्ड तुम्ही घेऊन ठेवा.