मदत हवी आहे: एनएमएमएसचे दहावीचे पैसे आले नाहीत, अकरावीला शिष्यवृत्ती चालू राहील का?

पाटीपेन्सिल

मंडळी, भाचीच्या शिष्यवृत्तीबद्दल विचारायचं आहे. माहिती थोडक्यात देतो.

आठवीत एनएमएमएस (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना नववी ते बारावी मिळणारी केंद्राची शिष्यवृत्ती) परीक्षेत निवड झाली. नववीचे १२,००० रुपये खात्यात आले. दहावीचा नूतनीकरणाचा अर्ज एनएसपीवर (केंद्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) भरला, त्याची छापील प्रत घरात आहे, पण पैसे नाहीत. मधल्या काळात तिच्या नावाने दुसऱ्या बँकेत आणखी एक खातं काढलं गेलं. बोर्डात ६८.४० टक्के. अकरावी विज्ञानसाठी केंद्रीय प्रवेशात यादीतलं दुसऱ्या पसंतीचं कॉलेज लागलंय, तिथली विज्ञान शाखा स्वयंअर्थसहाय्यित (सरकारी अनुदान नसलेली, फीवर चालणारी) आहे. प्रवर्ग अनुसूचित जाती.

प्रश्न तीन:
१. दहावीचे पैसे कुठे अडकले असतील, आणि ते शोधायचं कसं?
२. या कॉलेजात प्रवेश घेतला तर शिष्यवृत्तीचं काय?
३. महाडीबीटीवरची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरची, शिष्यवृत्तीही भरायची का? सायबर कॅफेवाला म्हणतो दोन्ही भरून टाका, जी येईल ती येईल.

शाईचा_डाग

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याला प्रवेशाची मुदत आहे. बाकीचे दोन आठवडाभर थांबतील.

एनएमएमएस ही सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठी आहे. केंद्रीय विद्यालय, नवोदय, सरकारी निवासी शाळा आणि खाजगी विनाअनुदानित शाळा तिच्यात बसत नाहीत. ही अट फक्त आठवीच्या परीक्षेपुरती आहे असा समज सगळीकडे आहे. तो चुकीचा आहे. अकरावीतही कॉलेज याच अटीत बसावं लागतं, आणि निवड झालेली मुलं नेमकी इथे गळतात. गुण चांगले, कॉलेज नामवंत, पण तुकडी स्वयंअर्थसहाय्यित. दोन वर्षांचे २४,००० तिथेच गेले.

पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं असतं तर ते घ्यावंच लागलं असतं. दुसऱ्या पसंतीचं आहे म्हणजे पुढच्या फेरीची वाट मोकळी आहे. पसंतीक्रम पुन्हा भरताना प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे शाखेचा प्रकार दिलेला असतो: अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित. कॉलेजच्या नावावर जाऊ नका, शाखेचा प्रकार वाचा. एकाच इमारतीत कला शाखा अनुदानित आणि विज्ञान स्वयंअर्थसहाय्यित ही सरमिसळ सर्रास असते. शंका असेल तर कॉलेजच्या कार्यालयात एवढंच विचारा: "तुमच्याकडे या शाखेतल्या मुलांचे एनएमएमएसचे अर्ज गेल्या वर्षी पडताळले होते का?" उत्तर 'हो' आलं तरच पुढे जा.

टक्केवारीची काळजी नको. अकरावीत चालू राहायला दहावीत ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. अर्जात मात्र गुणपत्रिकेवर छापलेली टक्केवारीच टाका, सहा विषयांची बेरीज करून घरी काढलेली नको.

खिडकी_क्रमांक_४

पहिल्या प्रश्नाबद्दल. तुम्ही दुसऱ्या खात्याचा उल्लेख केलात, माझा पहिला संशय तिथेच.

हे पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर येतात असं सगळ्यांना वाटतं. पैसे येतात आधारवर. ज्या बँकेत त्या मुलीचा आधार एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत सगळ्यात शेवटी जोडला गेला, त्या बँकेत. नवं खातं काढताना फॉर्मवर थेट लाभाच्या (डीबीटी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात) संमतीची चौकट असते. तिथे खूण झाली असेल तर जुनं खातं बाजूला पडलं आणि पैसे नव्या खात्यात गेले. तेव्हा आधी नव्या खात्याचं पासबुक छापून आणा. निम्म्या वेळा 'न आलेले' पैसे तिथे सापडतात.

तिथे नसतील तर पुढचा क्रम:

क) माय-आधारच्या संकेतस्थळावर मुलीच्या आधारने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' (आधार थेट लाभासाठी कुठल्या बँकेला जोडलाय ते) बघा. बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' दिसलं पाहिजे. 'इनॲक्टिव्ह' असेल तर बँकेत जाऊन "आधार लिंक करा" म्हणू नका, कारण लिंक आधीच असतं आणि ते तसंच सांगून परत पाठवतात. "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचं आहे" असं म्हणा आणि त्याचा वेगळा संमती फॉर्म भरा. पोच घ्या.

ख) खात्याला आईचा नाही, मुलीचाच आधार जोडलेला हवा. अल्पवयीन मुलांच्या खात्यात पालकाचा आधार जोडून ठेवण्याची चूक फार होते.

ग) एनएसपीवर दहावीच्या अर्जाची स्थिती बघा. अर्ज दोन पायऱ्या चढतो, आधी शाळेचा नोडल अधिकारी (अर्ज पडताळणारा), मग जिल्ह्याचा. दोन्हीकडून पडताळणी झालेली दिसत असेल तर अडचण पैशांच्या बाजूला आहे. मग पीएफएमएसच्या (सरकारी पैशांच्या वाटपाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) संकेतस्थळावर एनएसपी पेमेंटचा शोध घ्या. पैसे पाठवून परत आले असतील तर तिथे कारण दिसतं.

अर्ज शाळेच्या पायरीवरच राहिला असेल तर मात्र पंचाईत आहे. विद्यार्थ्याची मुदत संपल्यावर शाळेला साधारण पंधरवडा मिळतो, त्यानंतर जिल्ह्याला तेवढाच. ती खिडकी बंद झाली की शाळेच्या लॉगिनमधून काही हलत नाही. छापील प्रत म्हणजे तुम्ही अर्ज सादर केल्याचा पुरावा. पडताळणी झाली असं त्यातून सिद्ध होत नाही.

शाईचा_डाग

याला जोडून. नूतनीकरणाची साखळी मागच्या वर्षीच्या अर्जावर चालते, म्हणून दहावीची स्थिती आजच बघा. 'डिफेक्ट' असा शेरा असेल तर तो नकार नव्हे. दुरुस्तीसाठी परत आलेला अर्ज आहे. घरच्यांना तो दिसतच नाही, कारण मेसेज कॅफेवाल्याच्या मोबाइलवर जातो. अर्जात नंबर कोणाचा आहे ते तपासा.

डिफेक्टचं नेहमीचं कारण नाव. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर मुलीचं नाव आधी, आणि वडिलांच्या 'दत्तात्रय'च्या रोमन स्पेलिंगला शेवटी एक 'ए' कुठे आहे, कुठे नाही. संगणकाला ही दोन माणसं वाटतात. दाखल्याप्रमाणे आधार दुरुस्त करून घेणं सोपं पडतं. मात्र त्यानंतर बँकेतलं नावही जुळतंय ना ते बघा.

तीन_बोटं_समास

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही भरून टाका हा सल्ला वाईट आहे. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा नियम स्पष्ट आहे. ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, एक निवडावी लागते. दोन्ही आधारवरच चालतात, त्यामुळे दुबार लाभ लपत नाही.

निवड आकड्यांवर करा. मॅट्रिकोत्तरमध्ये अकरावी-बारावीला घरून ये-जा करणाऱ्यांना वर्षाला २,५०० आणि वसतिगृहात राहणाऱ्यांना ४,००० रुपये भत्ता, शिवाय कॉलेजची सक्तीची, परत न मिळणारी फी. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. एनएमएमएसचे सरळ १२,०००, मर्यादा साडेतीन लाख, पण फी तुमची तुम्ही भरायची. अनुदानित कॉलेजात फी किरकोळ असते, तिथे एनएमएमएस उघडच भारी. स्वयंअर्थसहाय्यित कॉलेज घेतलंत तर एनएमएमएस तसंही नाही, मग मॅट्रिकोत्तर भराच. थोडक्यात, कॉलेज ठरल्याशिवाय कुठलाही अर्ज भरू नका.

दहावीनंतर आयटीआय किंवा पदविकेचा विचार असेल तर तिथे एनएमएमएस चालत नाही. मॅट्रिकोत्तर चालते.

पाटीपेन्सिल

सर्वांचे आभार. नव्या खात्याचं पासबुक छापून आणलं, त्यात पैसे नाहीत. सीडिंग मात्र त्याच बँकेत 'ॲक्टिव्ह' आहे. एनएसपीवर दहावीच्या अर्जाला शाळा आणि जिल्हा दोन्ही पडताळण्या झालेल्या दिसतात. आता?

दुसरं, पुढच्या फेरीत अनुदानित कॉलेज मिळालं तर अकरावीचा अर्ज जुन्या शाळेतून जाईल की नव्या?

खिडकी_क्रमांक_४

मग अर्जात दोष नाही. पीएफएमएसवर बघा, आणि नव्या खात्याचं केवायसी पूर्ण आहे का तेही विचारा. अर्धवट केवायसीचं खातं 'ॲक्टिव्ह' दिसतं आणि तरीही पैसे परत पाठवतं. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात एनएमएमएस बघणाऱ्या लिपिकाकडे एक पानी अर्ज द्या. सोबत अर्ज क्रमांक, पीएफएमएसच्या पानाची छापील प्रत, सीडिंगची प्रत. पोचेचा शिक्का घ्या. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहा.

शाईचा_डाग

अर्ज नव्या कॉलेजच्या लॉगिनला जायला हवा. अर्जाचा प्रकार 'नूतनीकरण' हाच, 'नवीन' नाही. संस्था निवडताना नावावरून शोधू नका, सारख्या नावांची डझनभर कॉलेजं निघतात. कार्यालयातून अकरा अंकी यु-डायस क्रमांक (प्रत्येक शाळा-कॉलेजचा सरकारी ओळख क्रमांक) घ्या आणि तोच टाका. अंतिम सादर करण्याआधी तो पुन्हा ताडून बघा.

आणि कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याचं आधार प्रमाणीकरण झालंय का ते जुलैतच विचारा. कनिष्ठ महाविद्यालयांत हे काम एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडलेलं असतं. ते बदलून गेले की लॉगिन बंद, नव्याची मंजुरी जिल्ह्याकडून यावी लागते, आणि तोवर मुदत उलटते. अर्ज सादर झाला की त्याच दिवशी छापील प्रत, गुणपत्रिका आणि प्रवेशाची पावती त्यांच्या हातात द्या. मुलांची रास एकदम येते, ज्यांची कागदं समोर असतात त्यांचे अर्ज आधी पडताळले जातात.

तीन_बोटं_समास

वाचणाऱ्या इतरांसाठी: आठवीची परीक्षा उत्तीर्ण आहे पण गुणवत्ता यादीत नाव नाही, आणि मुलगा मराठा किंवा कुणबी समाजातला आहे, तर सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती बघा. नववी ते बारावी, वर्षाला ९,६०० रुपये. अर्ज शाळेमार्फत जातो.