कॅमिओ : कोरलेला की पाहुणा?

अमळनेरहून प्रश्न : आमच्या आबांनी गावातल्या पोरांच्या एका अहिराणी कॉमेडीत काम केलं. काम म्हणजे काय, पारावर बसलेले आबा बिडी विझवतात आणि उठून जातात. शेवटच्या पाट्यांमध्ये आबांच्या नावापुढे 'कॅमिओ' लिहिलंय. आबा विचारतात, "हाई काय शे भो?" मी 'पाहुणा कलाकार' म्हणून मोकळा झालो. पण मागच्या आठवड्यात सराफ बाजारात जुन्या ब्रोचवर बाईचा चेहरा होता, त्यालाही दुकानदार कॅमिओच म्हणाला. शब्द एकच का?

जळगावहून : एकच, दादा, आणि दागिन्याचा अर्थ आधीचा. मूळ इटालियन 'काम्मेओ'. दोन-तीन रंगांचे थर असलेला दगड घ्यायचा, वरच्या फिकट थरात चेहरा ठेवायचा आणि भोवतीचा भाग गडद थर लागेपर्यंत कोरून काढायचा. चेहरा वर उचललेला राहतो. मोहरेच्या अंगठीत उलटं असतं, तिथे अक्षर आत खोदलेलं असतं. ते इंटाग्लिओ.

दगड साधारणपणे अकीकाच्या जातीचा, ऑनिक्स किंवा सार्डोनिक्स. आपल्या काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत पट्ट्यापट्ट्यांचा अकीक मिळतो. नांगराला लागलेली गारगोटी फोडून पाहिलेल्यांना हे थर वेगळे सांगायला नकोत. तुम्ही पाहिलेला ब्रोच मात्र शिंपल्याचा असण्याची शक्यता जास्त. नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेकोत शिंपल्यांवर कोरण्याचा धंदा मोठा आहे.

रोमन बादशहा ऑगस्टसच्या गौरवाचा 'जेम्मा ऑगस्टेआ' हा कॅमिओ व्हिएन्नात आहे. शाहजहानचा सार्डोनिक्सवर कोरलेला चेहरा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हा तोच शाहजहान, ज्याची मुमताज 1631 मध्ये आपल्या जुन्या खान्देशातल्या बऱ्हाणपुरात वारली. (विषयांतर झालं, पण बऱ्हाणपूर निघालं की राहवत नाही.)

धुळ्याहून : मग सिनेमात कसा शिरला?

जळगावहून : आधी साहित्यात शिरला. मोजक्या ओळींत उभं केलेलं शब्दचित्र म्हणजे कॅमिओ. सिनेमात तो रुळवण्याचं श्रेय निर्माता माइक टॉड याला देतात. 1956 च्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'मध्ये त्याने नामांकित नटांना क्षणभरासाठी आणलं. दारूच्या अड्ड्यात एक माणूस पाठमोरा पियानो वाजवतोय, तो वळतो, तर फ्रँक सिनात्रा! ती मान वळते तोच कॅमिओ. दिग्दर्शक हिचकॉक तर स्वतःच्याच चित्रपटांतून येऊन जायचा.

म्हणून 'पाहुणा कलाकार' मला अपुरा वाटतो. पाहुणा अर्धा सिनेमाही मुक्काम ठोकतो. कॅमिओत लहानपणा आहेच, पण त्याहून जास्त आहे तो उठाव. सोनारकामातही आपण 'उठावाचं काम' म्हणतो आणि माणूसही 'उठून दिसतो'. मला विचाराल तर 'उठावभूमिका' म्हणा.

धुळ्याहून : उठावभूमिका ऐकून 1857 आठवतं, भाऊ. राहू द्या. कॅमिओच बरा, क्रिकेटच्या समालोचनाने तो घरोघर पोचवलाय. शेवटच्या षटकांत येऊन दहा चेंडूंत पंचवीस ठोकले की कॅमिओ.

जळगावहून : ठोकले म्हणून. दहा चेंडूंत चार केले तर त्याला कुणी कॅमिओ म्हणत नाही, खेळी तितकीच लहान असली तरी. माझा मुद्दा तोच आहे.

चोपड्याहून : आमच्याकडे लग्नात तोंड दाखवून पळणाऱ्यालाही पोरं कॅमिओ म्हणतात. चालेल का?

जळगावहून : नुसता येऊन गेला आणि कुणाला कळलंही नाही, तर नाही चालणार.

चोपड्याहून : वरण-बट्टी न खाता गेला, भाऊ. तीन दिवस गावात तोच विषय आहे.

जळगावहून : मग चालेल.