थट्टेकाड-मुन्नार पक्षी सहल : गाईडबद्दल मदत हवी आहे

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन केरळला पक्षी बघायला जायचं आहे. थट्टेकाडच्या सदाहरित जंगलात तीन रात्री, मग वर मुन्नारला दोन. फेब्रुवारी-मार्चमध्ये निलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीसाठी मुन्नारजवळचं एराविकुलम राष्ट्रीय उद्यान बंद असतं, म्हणून तारीख पुढे ढकलता येणार नाही.

बाबांचे गुडघे दुखतात. सपाट वाटेवर तासभर हळूहळू चालतात, पण चढ-उतार जमत नाही. त्यांना श्रीलंकन फ्रॉगमाउथ बघायचाच आहे. दिवसा जोडीने खालच्या फांदीवर वाळक्या पानांसारखा निपचित बसतो, त्यामुळे जागा माहीत असलेला स्थानिक माणूस लागणारच. मुन्नारला निलगिरी पिपिट आणि काळा-नारिंगी माशीमार दिसले तर आनंदच.

दोन होमस्टेंना फोन केले. एकाकडे फक्त फोटोग्राफीचे हाइड (लपून बसून फोटो काढायचे आडोसे) आहेत. आम्ही दुर्बीणवाले, हाइडमध्ये बसून राहायचं नाही. दुसऱ्याने गाईड देतो म्हटलं, पण मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणार असं सांगितलं. ते आम्हाला अजिबात नको, पक्षी कमी दिसले तरी चालतील. कोचीन विमानतळापासून गाडी ठरली आहे, बजेटमध्ये थोडं मागेपुढे चालेल.

तर सांगा, ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलं आहे का? आवाज न वाजवता, रस्त्याच्या कडेने फिरवून फ्रॉगमाउथ दाखवणारा गाईड थट्टेकाडला मिळतो का? आणि तोच मुन्नारला सोबत न्यावा, की तिथे वेगळा घ्यावा?