मदत हवी आहे: पोरं निघताना 'आय कम' म्हणतात आणि हाक मारली की 'आय केम'

पडवीतली_काकी:

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आम्ही मालवण तालुक्यात, खाडीच्या काठाला राहतो. माझा शिकवण्याशी तसा काही संबंध नाही, बीकॉम झालं, लग्न होऊन इथे आले, घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. पावसाळ्यात पर्यटक नाहीत म्हणून दोन वर्षांपूर्वी शेजारच्या दोन पोरांना संध्याकाळी पडवीत घेऊन बसायला लागले आणि बघता बघता ती अकरा झाली. पाचवी ते आठवी, सगळी मराठी शाळेतली. गणित मी निभावून नेते, अडलंय ते इंग्रजीत.

म्हणजे बघा, सातवीतला एक आहे, धड्याचं अख्खं पान न अडखळता वाचतो. वाचून झालं की विचारलं, काय रे, काय झालं ह्या गोष्टीत, तर तो वर कौलांकडे बघतो. निबंध पण पाठ. 'माय मदर इज अ हाउसवाइफ, शी वेक्स अप ॲट सिक्स ओ क्लॉक.' आता ह्याची आई पहाटे चारला उठून बंदरावर जाते, लिलावात मासे घेते आणि मालवणच्या बाजारात विकायला बसते, हे मला माहिती, त्याला माहिती, तपासणाऱ्या सरांना पण माहिती असणार. मी म्हटलं, अरे तुझी आई हाउसवाइफ कुठेय? तर म्हणतो, "काकी, गाईडात तसाच असा."

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, ह्यांना पहिलीपासून आहे (२००० साली सुरू झालं ना ते). म्हणजे आठवीतल्या पोरीची सात वर्षं इंग्रजी होऊन गेलंय, आणि 'व्हॉट डिड यू ईट' विचारलं तर ती ओढणीचं टोक चावत बसते.

मग मी ठरवलं, पुस्तक बाजूला, नुसतं बोलायचं, चुकलं तरी चालेल. आणि खरा गोंधळ इथून सुरू झाला, कारण पोरं बोलायला लागली.

क्लास संपला की दप्तर उचलून एकजण मला म्हणतो, "काकी, आय कम." मला वाटलं ह्याला गो आणि कममधला फरकच कळत नाही. मग डोक्यात प्रकाश पडला की हा 'येतो हां' म्हणतोय, आपण निघताना जातो कुठे म्हणतो! तेवढ्यात समोरच्या घरातून त्याच्या आईने हाक मारली तर हा जागचा न हलता ओरडला, "आय केम!" म्हणजे 'इलंय गो', आलो गं. म्हणजे निघताना कम आणि अजून निघालाच नाही तर केम. मी हसले, तो पण हसला, पण घरी झोपताना विचार केला तर मला त्याचं काय चुकलं ते नीट सांगताच येईना. त्याने मराठीचं अगदी बरोब्बर भाषांतर केलं होतं.

तसंच दुसरं. पाचवीतल्या एका मुलीला म्हटलं, उद्या शाळेत गुरुजींना विचार, 'हाउ आर यू?' तर ती गप्प. दुसऱ्या दिवशी पण गप्प. शेवटी कानाजवळ येऊन म्हणाली, "काकी, यू म्हणजे तू ना? गुरुजींका तू कसा म्हणू?" आता हिला काय सांगू? आणि 'वी' म्हणजे आम्ही का आपण, हे विचारणारा अजून एक आहेच, त्याला मी 'दोन्ही' म्हटलं तर त्याचं समाधान झालेलं नाही, मग मला यायचंय का नाही ते कसं कळणार म्हणतो.

बस गेली तर 'शी गो', कारण बस ती. टेबल मोडलं तर मात्र 'इट', तिथे बरोबर येतं, ते पण चुकून.

तर माझे प्रश्न. चुका दुरुस्त करू का नको? केल्या तर पोरं परत गप्प होतात, अनुभव घेतलाय. नाही केल्या तर पालक म्हणतात काकी चुकीचं शिकवते, आणि सध्या मासेमारी बंदीचे दोन महिने असल्यामुळे सगळे बाबा घरीच आहेत आणि पडवीबाहेर उभे राहून ऐकतात, त्यांचं म्हणणं मी पोरांकडून टेन्स पाठ करून घ्यावेत. मालवणीत समजावलं तर चालेल का, की फक्त इंग्रजीच बोलायचं? आणि माझं स्वतःचं इंग्रजी बेताचं आहे, वेन्सडेचं स्पेलिंग मी अजून मनात वेड-नेस-डे म्हणत लिहिते, व्हेजिटेबलला टेबल म्हणायचं नाही हे मला लग्नानंतर कळलं. मोबाईलला उच्चार विचारावा तर रेंज विहिरीजवळ मिळते.

घाई अशी की गणपतीत मुंबईची भावंडं येतात. गेल्या वर्षी ती सगळी माटवीखाली (गणपतीवर फळं-पानं बांधून टांगतात ती चौकट) बसून फडाफडा इंग्रजीत बोलत होती आणि आमची ही अकराच्या अकरा पोरं दुर्वा निवडायच्या निमित्ताने मागच्या दारी. ते बघवलं नाही, म्हणून लिहितेय.

खाडीकाठ:

ताई, आमच्याकडे वेंगुर्ल्यात पण सेम. पण एक सांगतो, आमच्या होडीवर एक पोरगा आहे, नववी नापास. फॉरेनर आले की "सर, डॉल्फिन, देअर, नॉट हिअर, टेन मिनिट, कॅप वेअर, सन बिग." एक वाक्य धड नाही आणि धंदा सगळ्यात जास्त त्याचा. त्याला कोणी मार्क देत नाही म्हणून तो बोलतो. बाकी मला व्याकरणातलं काही कळत नाही.

दादर_टू_देवगड:

स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे सगळं करण्यापेक्षा मुलांना इंग्लिश मिडियममध्ये घाला. बेस कच्चा राहिला की आयुष्यभर न्यूनगंड. मी स्वतः भोगलंय.

पडवीतली_काकी:

@दादर_टू_देवगड दादा, राग नाही. इंग्लिश मिडियमची व्हॅन आमच्या फाट्यापर्यंत येते, तिथून पुढे रस्ता पावसात नसतो. आणि व्हॅनची फी मासेवाल्या बाईला कशी परवडणार. शिवाय त्या व्हॅनमधून जाणारी दोघंजणं माझ्याकडे रविवारी येतात, त्यांना 'मे आय ड्रिंक वॉटर' आणि 'मे आय गो टु टॉयलेट' झकास येतं, त्यापुढे ती पण कौलांकडेच बघतात.

पेन्शनर_मास्तर:

ताई, मी राजापूर तालुक्यात ३१ वर्षं प्राथमिकला होतो, आता सुपारीची बाग आणि हा मोबाईल. तुमचा धागा दोनदा वाचला. सवडीने लिहितो.

आधी त्या पाचवीच्या मुलीचं, कारण ती खरी हुशार आहे. तिला सांगा की 'यू' म्हणजे तू नव्हेच, 'यू' म्हणजे तुम्ही. इंग्रजीत पूर्वी 'तू'ला वेगळा शब्द होता, दाऊ. 'यू' हा अनेकांना आणि मोठ्यांना मान देऊन म्हणायचा. पुढे लोक सगळ्यांनाच 'यू' म्हणायला लागले आणि तो 'दाऊ' वापरातून गेला, प्रार्थनेत आणि जुन्या कवितेत उरला. म्हणजे इंग्रज माणूस कुत्र्याला पण अहो-जाहो करतो असं सांगा. वर्गात हे सांगितलं की पोरं लोळतात आणि नंतर गुरुजींना 'यू' म्हणायला घाबरत नाहीत.

'आय केम'चं. तुम्ही म्हणता त्याचं काय चुकलं सांगता येत नाही. चुकलं एवढंच की मराठीत लगेच व्हायची गोष्ट आपण झाली म्हणून सांगतो. आलोच, निघालोच, हा बघ गेलो. इंग्रजीत त्या जागी 'कमिंग' लागतं. पण हे समजावत बसू नका. तो 'आय केम' ओरडला की तुम्ही नुसतं 'कमिंग! ओके, गो, गो' असं म्हणा, हसून, चूक न दाखवता. पुढच्या वेळी परत. दहाव्यांदा तो स्वतः 'कमिंग' म्हणेल. लहान मूल 'मी पडला' म्हणतं तेव्हा आई 'अगं बाई, पडलास?' म्हणते ना, खोडरबर घेऊन बसत नाही, तसंच. निघताना 'येतो'च्या जागी 'बाय काकी, सी यू' असा अख्खा तुकडाच द्या. तुकडा सुटा करून दाखवायचा नाही.

चुका दुरुस्त करायच्या त्या लिहिताना. बोलताना नाही. मी हे पहिली पंधरा वर्षं उलटं केलं, प्रत्येक वाक्याला थांबवायचो, आणि माझ्या वर्गात फक्त मीच इंग्रजी बोलायचो.

मालवणीत खुशाल समजवा. नवीन गोष्ट कळायला आपली भाषा, सराव करायला इंग्रजी.

आता करायचं काय. आमच्या एका प्रशिक्षणात ऐकलेलं, १९७९ ते १९८४ दरम्यान एन. एस. प्रभू नावाच्या माणसाने दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला होता, बंगलोर प्रोजेक्ट म्हणतात त्याला. व्याकरणाचा तास नाही, पाठांतर नाही. मुलांना नकाशा द्यायचा, रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं, आणि कोडं घालायचं. डोकं कोड्यात गुंतलं की भाषा त्याच्यामागून येते असा विचार. मी पुढे ते एसटीच्या वेळापत्रकावर केलं. स्टँडवर जाऊन फलक वहीत उतरवून आणायचा, मग विचारायचं: राजापूरला दहाच्या आत पोचायचंय, विच बस? कोण चुकला, कोण बरोबर, ह्यावर भांडणं होतात. भांडण इंग्रजीत झालं पाहिजे एवढाच नियम. ज्याला वाक्य येत नाही त्याने आकडा आणि बसचं नाव म्हटलं तरी चालेल.

आणि तो निबंध. गाईड बंद करा. 'माय मदर सेल्स फिश.' चार शब्द, पण स्वतःचे. मग विचारा, विच फिश? बांगड्याला मॅकरेल आणि पापलेटला पाँफ्रेट म्हणतात हे त्याला सांगा, कोलंबी प्रॉन्स. आईला दर विचारून यायला सांगा. तो मुलगा पान भरून लिहील बघा.

भाषाकिडा:

मास्तरांना दंडवत. उच्चाराबद्दल थोडं. आपल्याकडे दोन ज आहेत हे पोरांना माहीत नसतं पण जिभेला माहीत असतं. 'जेवण'मधला ज आणि 'जहाज'मधला ज म्हणून बघा, जीभ वेगळीकडे लागते. जेवणातला ज म्हणजे जॅम, जग. जहाजातला ज म्हणजे जवळपास झेड, झू आणि झिरोला तो वापरायचा, झाडातला झ लावला की जड होतो. हिंदीवाल्यांना हे नुक्ता देऊन शिकवावं लागतं, आपल्याला फुकट मिळालंय. तसंच व आणि व्ह. वॉटरला ओठ गोल, व्हॅनला वरचे दात खालच्या ओठावर. आरशात बघून करायला लावा, पोरांना मजा येते.

आणि 'ब्याट', 'ब्यांक' ऐकून घाबरू नका, तो ॲ मराठीत इंग्रजी शब्दांबरोबरच आलाय, आजोबा लोक अजून ब्यांकच म्हणतात आणि पैसे मिळतात.

चाकरमान्याची_सून:

काकी, ती माटवीखाली फडाफडा बोलणारी मुंबईची पोरं ना, त्यातलीच एक माझी समजा. नवव्या वर्षी आजीला म्हणते "आजी, मी आंबा खाली" आणि "माझं पाय दुखतं". आजी हसते तेव्हा ती इंग्रजीत बोलायला लागते, कारण तिथे कोणी हसत नाही. तुमची पोरं मागच्या दारी का जातात ते मला तिच्यावरून कळतं. गेल्या वर्षी तिला मोदकाच्या कळ्या पाडायला बसवलं तेव्हा शेजारच्या मुलीशी तिचं बरं जमलं, दोघींचे हात पिठात होते आणि कुठली भाषा चाललीय ते दोघींनाही कळत नव्हतं. सगळ्यांना एकत्र कामाला लावा, समोरासमोर बसवून 'बोला' म्हणू नका.

पडवीतली_काकी:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उशिरा लिहितेय कारण तीन दिवस लाइट नव्हती.

काय काय केलं ते सांगते. 'यू म्हणजे तुम्ही' लगेच लागू पडलं, ती मुलगी शाळेत जाऊन गुरुजींना 'हाउ आर यू' विचारून आली, गुरुजी म्हणाले 'फाइन, सिट डाउन', आणि ती दोन दिवस तेच सांगत फिरतेय. आरशासमोर व्हॅन-व्हॅन केलं, माझंच चुकत होतं असं निघालं. मासेवाल्या आईचा निबंध झाला, पान नाही भरलं, साडेसात ओळी. त्यात 'माय मदर हँड स्मेल फिश, आय लाइक' असं वाक्य आहे. मी त्याला एस लावायला सांगणार होते, पण त्या दिवशी नाही सांगितलं.

एसटीचं वेळापत्रक मात्र गाजलं. दोघं पोरं भिजत स्टँडवर जाऊन फलक उतरवून आली. मी विचारलं, कणकवलीला सहाच्या आत पोचायचंय, विच बस? सगळ्यांनी साडेचारची सांगितली. तेवढ्यात तोच आमचा 'आय केम'वाला उभा राहिला आणि म्हणाला, "नो नो काकी! फोर थर्टी बस नॉट कम. डेली लेट. ड्रायव्हर टी ड्रिंक." अख्खी पडवी ओरडायला लागली, कोण यस कोण नो, कोणी म्हणालं "टुडे कम, आय सी!" दहा मिनिटं माझ्याकडे कोणी बघितलंच नाही.

पण बाहेर एक बाबा उभे होतेच. क्लास सुटल्यावर मला म्हणाले, "बाई, बस नॉट कम ह्या खयचा इंग्लिश? डझ खय गेला?" मी काय बोलणार, डझ खरंच नव्हता.

तर मास्तर, एकच विचारायचं राहिलं. बोलताना थांबवायचं नाही हे पटलंय, पण हा डझ मग आणायचा कधी? ह्याच वर्षी, का आधी मनसोक्त 'नॉट कम' करू देत? आणि त्या बाबांना काय सांगू, बंदी ३१ जुलैला संपतेय, तोपर्यंत ते रोज येणार.