प्रति: एवढं सावकाश, मग टर्ब्युलंट कसं?
पृथ्वीच्या गाभ्यातलं लोखंड वर्षाला जेमतेम १५-२० किलोमीटर सरकतं, त्याला टर्ब्युलंट (म्हणजे भोवऱ्यांनी खळबळलेलं) कसं म्हणायचं असं वर विचारलंय. आकडा बरोबर आहे, पण नुसता वेग बघून चालत नाही की. वितळलेलं लोखंड तिथं जवळजवळ पाण्याइतकंच पातळ, आणि बाह्य गाभ्याची जाडी सव्वादोन हजार किमीच्या आसपास, त्यामुळं रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहाचा जोर द्रवाच्या चिकटपणाच्या किती पट, तो आकडा) १ अब्जाच्या घरात जातो, नळाच्या पाइपात दोन-चार हजारालाच गडबड सुरू होते. उलट सावकाश आहे म्हणूनच पृथ्वीचं फिरणं तिथं भारी पडतं, लोखंड पन्नासेक मीटर हलेपर्यंत इकडं एक दिवस संपलेला असतो.

गाभ्याचं संगणकावर सिम्युलेशन करणाऱ्या पीएचडीच्या पोरांची पंचाईत इथंच होते. एकमन नंबर (फिरण्याच्या जोरापुढं चिकटपणा किती, तो आकडा) गाभ्यात खरा दहाचा उणे पंधरावा घात, संगणकावर बहुतेकांचं उणे पाच ते सातपर्यंतच भागतं. म्हणून लोक अजून प्रयोगशाळेत पाण्याच्या टाक्या फिरवतात. आम्हीपण बेळगावात उद्यमबागेतल्या एका टर्नरकडनं बेअरिंगवरचं फिरतं टेबल करून घेतलंय, कॉलेजच्या पोरांना दाखवायला. पाणी टेबलाबरोबर एकसारखं फिरेपर्यंत थांबायचं (तेवढा दम पोरांना निघत नाही), मग हलकं ढवळून शाई सोडायची. ती ढगासारखी पसरत नाही, वरपासून खालपर्यंत उभे पडदे धरते, टेलर या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात दाखवलेलं तेच. आणि समुद्राचं म्हणाल तर आपल्याच अक्षांशावर, वेंगुर्ल्यासमोर खोल समुद्रात, वारा पडल्यावर पाणी पृथ्वीच्या फिरण्यामुळं गोल फिरत राहतं, त्याला एक फेरा घ्यायला ४४ तास लागतात, ध्रुवाजवळ १२.