नवरात्रीच्या रंगांसाठी नवीन साड्या घेता का? खरं सांगा

राखाडी_साडी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून लिहितेय. आमच्या ऑफिसात नवरात्रीचे रंग जोरात असतात, आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी येते, सोमवार पांढरा मंगळवार लाल बुधवार निळा असं, आणि यादी आली रे आली की मोबाईलवर त्याच रंगांच्या साड्यांच्या जाहिराती सुरू होतात. मागच्या वर्षी माझ्याकडे राखाडी नव्हती, शनिवारचा रंग तोच आणि आमचा शनिवार चालू असतो, मग घेतली. साडी साडेसातशेची, पण ब्लाउजची शिलाई, अस्तर, फॉल-पिको धरून चौदाशेच्या वर गेली. एकदाच नेसलीय.

त्या दिवशी लिफ्टसमोर ग्रुप फोटो काढायला हाउसकीपिंगच्या मावशींच्या हातात मोबाईल दिला होता. मी म्हटलं मावशी, तुम्ही पण या ना. त्या म्हणाल्या, "नको ताई, माझा रंग बुधवारी होता." त्यांचा युनिफॉर्म निळा आहे. आणि बुधवारी आम्ही सगळ्या निळ्यात उभ्या होतो तेव्हा त्यांना कुणीच बोलावलं नव्हतं, मी पण नाही. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

मला खरंच साडी हवी असते का फोटोत एकटी वेगळी दिसायला नको असते? तुमचं काय?

जुनी_कात्रणं:
आधी एक सांगतो, या रंगांना धर्मशास्त्रात आधार नाही, पंचांगकर्ते दा. कृ. सोमण हे कितीदा सांगून झालेत. रंग वारांवरून लावलेत, सोमवार चंद्राचा म्हणून पांढरा, मंगळाचा लाल, गुरूचा पिवळा. 2024 ला घटस्थापना गुरुवारी होती तर पहिला रंग पिवळा, 2025 ला सोमवारी आली तर पहिला पांढरा. पहिल्या माळेला शैलपुत्री दोन्ही वर्षी तीच, रंग मात्र बदलला.

वीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्र टाइम्सने हे रंग घरोघरी नेले. नुसता रंग छापून एवढं झालं नसतं, वाचकांचे ग्रुप फोटो छापायचे ना, बँकेतल्या, शाळेतल्या, हॉस्पिटलमधल्या बायका एका रंगात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आपला चेहरा शोधायचा. माझी बायको तेव्हा शाळेत शिकवायची, त्यांच्या स्टाफरूमचा फोटो आलेलं कात्रण अजून घरात आहे. साडीची जाहिरात माणूस बघून सोडून देतो हो, पण शेजारच्या शाखेतल्या बायकांचा फोटो आला की आपला का नाही हे राहतंच मनात.

मॅचिंगवाला:
माझं मॅचिंग सेंटर आहे, ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. पितृपक्षात एरवी कपड्याला गिऱ्हाईक कमी, पण शेवटच्या चार-पाच दिवसांत बायका मोबाईलवर रंगांचा फोटो घेऊन येतात आणि "हाच शेड द्या" म्हणतात. मोरपिशीला सगळ्यात जास्त वेळ जातो, कुणाला निळ्याकडे झुकलेला हवा, कुणाला हिरव्याकडे, मी तागा दाराबाहेर उजेडात नेऊन दाखवतो, कारण ट्यूबलाइटखाली तो रंग वेगळाच दिसतो. राखाडी टू बाय टू, म्हणजे ब्लाउजचं साधं सुती कापड, वर्षभर फारसा जात नाही, तेव्हा मात्र संपतो. धंदा होतो, नाही म्हणणार नाही. पण राखाडी_साडी ताई, दरवेळी नवीन घ्यायची गरज नाही. काठात किंवा पदरात तो रंग असला तरी चालतं, काळा किंवा सोनेरी ब्लाउज बऱ्याच साड्यांवर जातो. मी गिऱ्हाइकालाही हेच सांगतो, ते परत येतातच.

चंद्रकळा:
मला दुसरी बाजू सांगायचीय. बाबा गेल्यावर आईने लाल, हिरवं सगळं बंद केलं, कुणी बंदी घातली नव्हती तरी. फिकट कॉटनच्या साड्या, बस. आम्ही बहिणींनी किती समजावलं. मग तिच्या ऑफिसातल्या बायका म्हणाल्या मंगळवारी सगळ्यांनी लाल, तुम्ही पण. ती माझी लाल साडी नेसून गेली आणि संध्याकाळी घरी आल्यावर बराच वेळ बदललीच नाही, तशीच भाजी निवडत बसली. "सगळ्यांचीच लाल होती गं," एवढंच म्हणाली. आम्ही दोन वर्षं सांगून जे झालं नाही ते त्या यादीनं केलं. त्यामुळे याला नुसतं बाजाराचं खूळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि सणाला ठरलेला रंग आपल्याला नवीन नाही, संक्रांतीला काळी नेसतोच की. पण आजीची एकच चंद्रकळा होती, तीच दर संक्रांतीला निघायची, आता नऊ दिवसांच्या नऊ आणि मागच्या वर्षीच्या फोटोत दिसलेली नको, हे मात्र मला खटकतं. आम्ही मैत्रिणी आता साड्या बदलून नेसतो.

राखाडी_साडी:
चंद्रकळा, तुझ्या आईचं वाचून डोळे भरून आले. अदलाबदलीचं ग्रुपवर टाकलं, तिघींनी हो म्हटलंय, माझी राखाडी पण त्यात दिली.

काल मावशींशी बोलले. म्हटलं बुधवारी फोटोत तुम्ही हव्यात. त्यांनी विचारलं, "युनिफॉर्ममध्ये का साडीत?" मी म्हटलं तुम्हाला आवडेल तसं. म्हणाल्या साडीत, भाच्याच्या लग्नात मिळालेली निळी आहे, घडी पण मोडली नाही अजून. त्यांच्या सुपरवायझरला विचारायला लागेल, उद्या सकाळी आधी तेच करते.