मदत हवी आहे: गणपतीत अर्धा वर्ग गावाला, मग शिकवायचं काय?

नमस्कार मंडळी, मी परळला चौथीला शिकवते. आमच्याकडे बरीच मुलं कोकणातली, त्यामुळे हरतालिकेच्या आधीच निम्मी गावाला पोचलेली असतात आणि शाळेची सुट्टी संपली तरी लगेच परत येत नाहीत, कारण गौरी-गणपती विसर्जनानंतरचं कोकण रेल्वेचं रिटर्न तिकीट मिळतच नाही. पालकांना मी काही बोलत नाही, जायलाच पाहिजे हो गावाला. पण पुढे सहामाही असते आणि माझा भागाकार नेमका तेव्हाच चालू. पुढे शिकवलं तर गेलेली मागे पडतात, थांबले तर इथे असलेली कंटाळतात. त्यात यूपी-बिहारची, मुस्लिम घरातली मुलंही आहेत, आपला सण नाही म्हणून नुसतं बसून राहायचं असं त्यांना वाटू नये, याचंच मला जास्त टेन्शन. मागच्या वर्षी शाडूची माती दिली, ज्याला जे हवं ते बनवलं, एकीने बोट केली, मस्त रमली पोरं! पण रोज माती कशी चालेल? गणितातलं असं काही सुचवा ना जे अर्ध्या वर्गात घेता येईल आणि आलेल्यांना पटकन पकडता येईल. आणि गावाला जाताना वर्कशीट द्यावी का, की सणात ताप नको? अनुभव असेल तर प्लीज सांगा.